वाकलेल्या कण्याचे कोडे

घरातल्या म्हाताऱ्या बाईची पाठ वाकली, की वय झाले असे म्हणून आपण विषय मिटवतो. शतकापूर्वी अमेरिकेतही याहून वेगळे घडत नव्हते. या वाकण्याचा पाळी जाण्याशी संबंध आहे, हे ठामपणे मांडले ते बोस्टनच्या डॉ. फुलर अल्ब्राइट यांनी. हाडांच्या तपासणीचा विषय निघाला, की मला हटकून त्यांचे आयुष्य आठवते.

अल्ब्राइट यांचा जन्म १२ जानेवारी १९०० रोजी बफलो शहरातील एका धनाढ्य उद्योगपतीच्या घरी झाला. १९२४ मध्ये हार्वर्डमधून ते डॉक्टर झाले. पुढे व्हिएन्नाला जाऊन त्यांनी याकोब एर्डहाइम यांच्याकडे हाडांच्या विकारांचा अभ्यास केला आणि परत येऊन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये कायमचे रमले. तिथे चार्ल्स मार्टेल नावाचा जहाजाचा कप्तान दाखल होता. त्याची उंची तब्बल सात इंचांनी घटली होती. गळ्याजवळच्या परावटु ग्रंथींच्या बिघाडामुळे हाडांतला चुना झिरपून जात होता. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे, तिथे सतत जमा-खर्च चालू असतो, हा धडा अल्ब्राइट यांनी अशा रुग्णांकडून घेतला.

मग त्यांचे लक्ष पाठदुखीने बेजार झालेल्या बायकांकडे वळले. मणके चेपलेले, हाडे विरळ. पण परावटु ग्रंथी ठणठणीत. त्यांनी पासष्टीच्या आतले असे ४२ रुग्ण पाहिले, तर त्यांतल्या ४० जणी पाळी गेलेल्या होत्या! उत्तराचा धागा मिळाला कबुतरांत. अंडी घालण्यापूर्वी मादीच्या हाडांच्या पोकळीत नवे हाड तयार होते आणि ते घडवते स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेन, असे तेव्हा नुकतेच उघडकीस आले होते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटते, म्हणून हाड झिजते, असा निष्कर्ष अल्ब्राइट यांनी १९४०-४१ मध्ये मांडला. इस्ट्रोजेन दिलेल्या स्त्रियांची उंची वर्षानुवर्षे नोंदली गेली, आणि ती घटायची थांबली असे सहकाऱ्यांना १९५० च्या दशकात आढळले.

हे सारे काम त्यांनी कोणत्या अवस्थेत केले, हे वाचून मी थक्क झालो. छत्तिशीच्या सुमारास त्यांना पार्किन्सनने गाठले. हात थरथरू लागले, बोलणे अस्पष्ट झाले. १९५६ मध्ये त्यांनी मेंदूवर नव्या पद्धतीची शस्त्रक्रिया करून घेतली. तीत रक्तस्राव झाला आणि पुढची तेरा वर्षे, डिसेंबर १९६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते आपल्याच रुग्णालयात भान हरपून पडून होते.

त्यांचे सगळेच खरे ठरले नाही. इस्ट्रोजेन नवे हाड घडवते असे त्यांना वाटे. ते मुख्यतः हाडाची झीज रोखते, हे नंतर कळले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला. म्हणून सरसकट गोळ्या देण्यापेक्षा धोका कुणाला आहे हे आधी हेरणे महत्त्वाचे ठरले.

साध्या एक्स-रेत हाडाची झीज दिसते ती जवळपास तीस टक्के चुना गेल्यावर. डेक्सा यंत्र ती त्याआधीच, काही मिनिटांत, वेदनेविना सांगते. अमेरिकेत पासष्टीपुढच्या सर्व स्त्रियांना ही तपासणी सुचवली जाते. त्याआधीही पाळी गेलेली असून अंगकाठी किरकोळ असेल, आईचा खुबा मोडला असेल, धूम्रपान असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारावे. पूर्व आणि आग्नेय आशियातील स्त्रियांसाठी २००१ मध्ये एक सोपा ठोकताळा निघाला: वयाच्या आकड्यातून किलोतले वजन वजा करावे, उत्तर विसाहून जास्त आले, तर धोका मोठा. अडुसष्ट वर्षांच्या, चव्वेचाळीस किलोच्या बाईचे उत्तर चोवीस येते. हे निदान नव्हे. तपासणी आधी कुणी करावी, एवढेच त्यातून कळते.

आपल्या घरांत बायकांचे दुखणे पडून हाड मोडेपर्यंत दुखणे ठरत नाही, ही मला खरी अडचण वाटते. तेव्हा आज सवड काढून आई-आजीला भिंतीशी उभे करा आणि उंची मोजा. तरुणपणापेक्षा ती दीड इंच कमी भरली, तर वयाला बोल न लावता त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.