पंडिता रमाबाई : पाप आणि पतितपावन

पाप म्हणजे काय, आणि पाप्याचे पुढे काय होते, हा प्रश्न प्रत्येक धर्माने विचारला आहे. पंडिता रमाबाईंनी तो ग्रंथांना विचारला, तसाच स्वतःच्या आयुष्यालाही विचारला. त्यांचे धर्मांतर ज्यांना रुचत नाही त्यांनीही या प्रश्नाचा माग घ्यावा, असे आम्हांस वाटते; कारण केडगावचे त्यांचे कार्य त्याच्याच उत्तरातून उभे राहिले.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले. मातेने ती विद्या कन्येस दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ हिंडले. बोली मराठी, पण बिऱ्हाड सदैव परमुलखात! आपणा बृहन्महाराष्ट्रीयांना हे चित्र परके वाटू नये.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व थोरली बहीण निवर्तली. बंधू श्रीनिवास यांच्यासह वणवण करीत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. १८८० साली बंधू गेले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. १८८२ साली तेही गेले. तेविसाव्या वर्षी, तान्ही मनोरमा कडेवर असताना, रमाबाईंस वैधव्य आले.

वैधव्य हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, अशी त्या काळच्या समाजाची धारणा होती. जे पाप स्त्रीला आठवतही नाही, त्याचे शासन तिने जन्मभर सोसावयाचे! ही वेदना घेऊन रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील मठातील भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात चालविलेला पतित स्त्रियांचा आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथे प्रेमाने शुश्रूषा होत होती. यामागे कोणती प्रेरणा, असे विचारता भगिनींनी त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगितली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती शिकवणुकीत पाप म्हणजे केवळ एखादे दुष्कृत्य नव्हे. ईश्वरापासून दुरावलेली ती मनुष्याची अवस्था आहे, आणि तिचा परिणाम मृत्यू आहे. या अवस्थेतून कुलीन सुटत नाही, विद्वानही सुटत नाही. क्षमा पुण्याईने मिळवावयाची नसते. ती कृपेने लाभते. मग पतितेवर दगड उचलण्याचा अधिकार उरतो कोणास?

हे तत्त्व बुद्धीला पटले, तरी स्वतःस लावणे कठीण होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंना जाणवले की, आपण धर्म स्वीकारला, पण आपल्या पापाचा भार अद्याप उतरविलेला नाही. एवढ्या मोठ्या पंडितेने स्वतःला इतर पाप्यांच्या पंक्तीस बसविले, यातच आम्हांस त्यांचे खरे मोठेपण दिसते.

१८८९ साली मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. तेथे ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची ती शंका अनाठायी नव्हती, हेही आपण मान्य केले पाहिजे. परंतु १८९६ नंतरच्या दुष्काळांत मध्य प्रांत व गुजरात येथील शेकडो निराधार मुलींना केडगावच्या मुक्ति सदनाने आश्रय दिला. जिला कोणीच दारात उभे करीत नसे, अशा स्त्रीसाठी तेथे निराळे कृपा सदन उभारले गेले. फुलहॅमला पाहिलेले दार आता मराठी मुलखात उघडले होते.

अखेरच्या वर्षांत रमाबाई बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करीत होत्या. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. त्यांचा धर्म आपला असो वा नसो, चुकलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवण्यापूर्वी क्षणभर स्वतःकडे पाहावे, एवढे तरी आपण त्यांच्यापासून घ्यावे. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.