मलिक अंबर

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरच्या भडकल दरवाजाखालून तुम्ही कधी गेला आहात का? हा दरवाजा ज्याने बांधला, त्याचा जन्म भारतात झाला नव्हता.

सुमारे १५४८ साली हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, मलिक अंबर जन्मला. लहानपणीच त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात तो बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगीजखान याने त्याला विकत घेतले. गंमत पाहा, हा वजीरही पूर्वी हबशी गुलामच होता! त्याच्या पदरी अंबर राज्यकारभार शिकला. मालकाच्या मृत्यूनंतर तो स्वतंत्र झाला.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. अंबरने मात्र परांड्याला मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवले आणि लढाई चालूच ठेवली. त्याच्या फौजेत हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे असे सगळेच होते. अचानक छापा घालायचा, शत्रूची रसद तोडायची आणि डोंगरात नाहीसे व्हायचे, ही त्यांची रीत. बादशहा जहांगीर इतका चिडला, की अंबरच्या शिरावर आपण बाण सोडत आहोत, असे चित्र त्याने काढवून घेतले. खरा अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

१६१० मध्ये अंबरने खडकी या लहानशा गावी राजधानी वसवली. पण पाण्याशिवाय शहर कसे वाढणार? त्याने उत्तरेकडच्या डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. जमिनीचा कस पाहून सारा ठरवण्याची पद्धतही त्याने घातली. मोगलांनी १६२१ मध्ये खडकी उद्ध्वस्त केली, तरी ती पुन्हा उभी राहिली.

१६२४ साली मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडीला अंबरने तलावाचे पाणी सोडून त्यांच्या छावणीत चिखल केला आणि मग हल्ला चढवला. शहाजीराजे भोसले या लढाईत त्याच्या बाजूने लढले. राजांचे भाऊ शरीफजी तेथेच कामी आले. अंबरचा विजय झाला.

१६२६ मध्ये तो वारला. दहा वर्षांनी निजामशाहीही बुडाली. खडकीचे फतेहनगर झाले, पुढे औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नहरीचे काही भाग अजून टिकून आहेत. खुलताबादला गेलात, तर अंबरची कबर अवश्य पाहा. घुमटाची ती इमारत त्याने जिवंतपणीच बांधून ठेवली होती.