खापरांवरून काळ वाचणारे पंडित : गॉर्डन चाइल्ड

डॅन्यूब नदीकाठच्या नवाश्मयुगीन वस्त्या हा विषय आपल्या वाचकांना दूरचा वाटेल. पण मडके कोणत्याच स्वयंपाकघराला परके नाही. शिलालेख नाहीत, राजांची नावे नाहीत, अशा काळाचा इतिहास फुटक्या खापरांवरून मांडणाऱ्या व्हिअर गॉर्डन चाइल्ड यांच्याविषयी म्हणूनच मला लिहावेसे वाटते.

चाइल्ड यांचा जन्म १८९२ साली सिडनीत एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ऑक्सफर्डला शिकून ते मायदेशी परतले. परंतु पहिल्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीला त्यांनी उघड विरोध केला आणि त्या मतांपायी अध्यापनाची दारे त्यांना बंद झाली. काही काळ राजकारणात चिटणिशी, मग लंडनमध्ये ग्रंथपालाचे काम करीत त्यांनी दिवस काढले. १९२७ साली एडिंबरो विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. १९२९ साली त्यांचा डॅन्यूब खोऱ्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांची रीत साधी होती. एकाच घाटाची, एकाच नक्षीची भांडी, हत्यारे आणि घरे जेथे वारंवार एकत्र सापडतात, तेथे एक संस्कृती मानावयाची. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. बेलग्रेडजवळच्या विंचा येथे वासिच यांनी १९०८ पासून खणलेल्या उंच टेकाडाचा या कामी मोठा उपयोग झाला. पण क्रम लागला, तरी साल कोठून आणावयाचे? चाइल्ड यांनी विंचाचे धागे ट्रॉयशी जोडले आणि ट्रॉयमार्गे पूर्वेकडील ज्ञात कालगणनेशी. त्यामुळे विंचा ख्रिस्तपूर्व तिसऱ्या सहस्रकात आले.

१९४९ नंतर लिबी यांची किरणोत्सर्गी कार्बनची पद्धत आली. पुढे वृक्षांच्या वलयांवरून तिची दुरुस्तीही झाली. तेव्हा विंचाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ५४०० च्या सुमारास, म्हणजे ट्रॉयच्याही पुष्कळ आधी गेला. ट्रॉयशी जोडलेला दुवा तुटला.

हा अंतिम निकाल पाहावयास चाइल्ड राहिले नव्हते. १९५६ साली निवृत्त होऊन ते ऑस्ट्रेलियात परतले आणि १९ ऑक्टोबर १९५७ रोजी ब्लू माउंटन्समधील कड्यावरून पडून मरण पावले. तो अपघात नव्हता, हे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रावरून कळले. वार्धक्यात परावलंबी होऊन जगणे त्यांना नको होते.

मग त्यांचे कार्य वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. साले त्यांनी उसनी घेतली होती, ती परत करावी लागली. थरांचा क्रम मात्र मातीतून मिळवलेला होता. तो बऱ्याच अंशी टिकला. नव्या सालांना बसावयास जागा मिळाली, ती त्या क्रमामुळेच.