कोपऱ्यात बसलेली आजी

सेकंड इयरची पी.एल. चालू होती. एम-थ्रीचा पेपर चार दिवसांवर आला होता आणि अख्ख्या विंगमध्ये लाप्लास ट्रान्सफॉर्मचा जप चालला होता. अशा वेळी अभ्यास सोडून बाकी काहीही वाचावंसं वाटतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पास होऊन गेलेल्या कुणा सिनिअरचं, कव्हर फाटलेलं एक पुस्तक कपाटात सापडलं. उघडून बघतो तर एका खेडेगावातली म्हातारी स्वेटर विणता विणता खुनाचा छडा लावत होती!

आमचं डिटेक्टिव्ह वाचन म्हणजे आजोबांच्या ट्रंकेतले बाबुराव अर्नाळकर. झुंजार आणि काळा पहाड म्हटलं की पिस्तूल आलं, पाठलाग आला. इथे त्यातलं काहीच नाही. चहाची किटली, बागेतली फुलं, शेजारणींच्या चहाड्या आणि त्यात मध्येच एक मुडदा. रात्री अडीचला पुस्तक संपलं. एम-थ्रीचं काय झालं ते विचारू नका. पण त्या म्हातारीला, म्हणजे मिस मार्पलला जन्म देणाऱ्या अगाथा ख्रिस्तीबाईंच्या मागे मी लागलो तो कायमचा. आज त्यांच्याचबद्दल थोडं सांगतो.

अगाथाचा जन्म १५ सप्टेंबर १८९० चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातला. वडील अमेरिकन, आई इंग्लिश. तीन भावंडांत ही शेंडेफळ. मुलांनी आठ वर्षांची होईपर्यंत वाचायला शिकू नये, अशी आईची एक अजब समजूत होती. पोरीने पाचव्या वर्षीच आपली आपण अक्षरं जुळवून वाचायला सुरुवात केली! शाळेचं तोंड तिने फारसं पाहिलंच नाही. ती अकरा वर्षांची असताना वडील वारले आणि घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. पुढे पॅरिसला जाऊन ती पियानो शिकली, हात चांगला होता, पण चार लोकांसमोर बसलं की घाम फुटायचा. ओरलच्या दिवशी एक्स्टर्नलसमोर आपलं जे होतं तेच. मैफलीत वाजवायचं स्वप्न तिथेच संपलं.

१९१४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिने आर्ची ख्रिस्ती या वैमानिक दलातल्या तरुण अधिकाऱ्याशी लग्न केलं. पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. नवरा आघाडीवर आणि ही टॉर्कीच्या हॉस्पिटलात जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला. तिथून तिची बदली औषधं तयार करण्याच्या खोलीत झाली. रीतसर परीक्षा देऊन ती पासही झाली. कुठलं औषध किती थेंबांपर्यंत औषध असतं आणि त्यापुढे विष होतं, हे ज्ञान पुस्तकी नव्हतं. रोज वजनकाटा हातात धरून मिळवलेलं होतं. आपल्या भाषेत, पक्कं प्रॅक्टिकल!

रहस्यकथा लिहिणं तुला जमायचं नाही, असं थोरली बहीण मॅज तिला एकदा म्हणाली होती. ते शब्द हिच्या डोक्यात बसले. औषधांच्या खोलीत काम नसलं की ती कथानक रचायची. त्यातूनच टोकदार मिशांचा बेल्जियन डिटेक्टिव्ह हर्क्यूल पॉयरो जन्माला आला. एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं. शेवटी १९२० साली ते पुस्तक छापून आलं आणि बाईंच्या हाती पडले जेमतेम २५ पौंड. वर पुढची पाच पुस्तकं त्याच प्रकाशकाला देण्याचा करार. पहिल्या नोकरीचा बॉण्ड सही करणाऱ्यांना हे दुःख कळेल.

१९२६ साल उजाडलं तेव्हा सगळं छान चाललं होतं. मुलगी रोझलिंड सात वर्षांची होत होती. त्या वर्षी आलेल्या रॉजर अ‍ॅक्रॉइड खून प्रकरणाच्या कादंबरीने इंग्लंडभर खळबळ उडवली. (शेवट सांगत नाही, वाचा!) पण एप्रिलमध्ये आई गेली. अगाथाबाई टॉर्कीच्या जुन्या घरात एकट्या बसून आईचं सामान आवरत राहिल्या. ऑगस्टमध्ये नवरा आला, तो आपलं नॅन्सी नील नावाच्या दुसऱ्या तरुणीवर प्रेम बसलंय आणि आपल्याला घटस्फोट हवाय हे सांगायला.

३ डिसेंबर १९२६ च्या रात्री बाई गाडी घेऊन घराबाहेर पडल्या आणि नाहीशा झाल्या. दुसऱ्या दिवशी सरे परगण्यातल्या एका उताराजवळ नुसती गाडी सापडली. शेकडो पोलीस, हजारो स्वयंसेवक, विमानंसुद्धा शोधायला लागली. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉईल यांनी तर बाईंचा एक हातमोजा मिळवून अतींद्रिय शक्तीवाल्या माणसाकडे नेला. पेपरांना रोजचा मसाला मिळाला. अकरा दिवसांनी, १४ डिसेंबरला, त्या उत्तरेकडे हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. रजिस्टरमध्ये त्यांनी आडनाव लिहिलं होतं नील. नवऱ्याच्या प्रेयसीचं.

डॉक्टर म्हणाले स्मृती गेली होती. लोक म्हणाले पुस्तकं खपवण्यासाठी नाटक केलं. खरं काय ते बाईंबरोबरच गेलं. त्यांच्या जाडजूड आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांवर एक अक्षर नाही. शेकडो प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या बाईंनी हा एकच प्रश्न कोरा सोडला.

मला विचाराल तर त्यांची खरी गोष्ट इथून सुरू होते. घटस्फोट १९२८ मध्ये झाला, पण त्याच्या आधीपासूनच पदरात मुलगी आणि हातात पैसा नाही, अशी स्थिती होती. १९२७ च्या सुरुवातीला त्या मुलीला घेऊन कॅनरी बेटांवर गेल्या आणि निळ्या आगगाडीतल्या खुनाची एक कादंबरी अक्षरशः रेटून पूर्ण केली. ती त्यांना स्वतःला कधीच आवडली नाही. पण मन नसताना, चांगलं होत नाहीये हे दिसत असतानाही लिहून पुरं करायचं, हे त्या तिथे शिकल्या. आपण हौशी लेखिकेच्या व्यावसायिक लेखिका झालो ते तेव्हाच, असं त्या मानत. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पुरं करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका मासिकात एक छोटी कथा आली. काही मंडळी मंगळवारी संध्याकाळी जमली आहेत. एक लेखक, एक चित्रकार तरुणी, एक धर्मगुरू, एक वकील, एक स्कॉटलंड यार्डचे निवृत्त बडे साहेब. प्रत्येकाने एक न सुटलेलं रहस्य सांगायचं आणि बाकीच्यांनी सोडवायचं, असं ठरतं. माणसं मोजली जातात, पाच. घराची मालकीण कोपऱ्यात विणत बसली आहे, तिला मोजायचं सगळे विसरतात! ती आपली कोळंबीच्या खरेदीवरून गावात काय घडलं ते सांगते आणि मंडळी हसतात. रहस्य मात्र तीच सोडवते. कारण उत्तर दडलेलं असतं स्वयंपाकघरातल्या एका साध्या गोष्टीत, आणि साहेब नि वकील तिथे कधी डोकावलेलेच नसतात.

हीच मिस मार्पल. सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यात राहणारी, लग्न न केलेली म्हातारी. पोलिसात नाही, डिग्री नाही, पिस्तूल नाही. तिची पद्धत एकच. समोरचा माणूस गावातल्या कुणासारखा वागतोय ते आठवायचं. माणसाचा स्वभाव इथून तिथून सारखाच, हा तिचा सिद्धांत. अगाथाबाईंची आजी अशीच होती म्हणे, कुणाबद्दलही वाईटच अंदाज बांधायची आणि बहुतेक वेळा तो खरा निघायचा. अ‍ॅक्रॉइडच्या कादंबरीत डॉक्टरांची एक चौकस बहीण आहे. नाटक करताना तिची तरुण मुलगी करून टाकली, याचं बाईंना फार वाईट वाटलं. नाटकवाल्यांनी पुसून टाकलेली ती प्रौढ बाईच जणू मिस मार्पल होऊन परत आली.

पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. आपल्या घरात काय शिजतंय हे जिला दिसलं नाही, तिने वर्षभराच्या आत अशी बाई उभी केली जिच्यापासून काहीही लपत नाही. स्वतःच्या जखमेवर रडगाणं न गाता तिने जगाला एक डोळस आजी दिली. या आजीच्या १२ कादंबऱ्या आणि २० कथा पुढे आल्या.

बाईंचंही आयुष्य फिरलं. १९२८ मध्ये त्या एकट्याच ओरिएंट एक्सप्रेसने बगदादकडे निघाल्या. दुसऱ्या खेपेला, १९३० मध्ये, उर इथल्या उत्खननावर त्यांना मॅक्स मॅलोवान हा पुरातत्त्वज्ञ भेटला, त्यांच्याहून १४ वर्षांनी लहान. त्याच वर्षी लग्न झालं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. जगप्रसिद्ध लेखिका इराकच्या निमरुदमध्ये मातीत बसून हस्तिदंताचे प्राचीन तुकडे चक्क तोंडाला लावायच्या क्रीमने साफ करायची! लिखाणाच्या वह्या तर विचारूच नका. एका पानावर खुनाचा बेत, पुढच्या पानावर वाण्याची यादी. अशा ७३ वह्या शिल्लक राहिल्या. आपल्या रफ बुकांची लाज वाटायचं कारण नाही.

६६ रहस्य कादंबऱ्या झाल्या. २५ नोव्हेंबर १९५२ ला लंडनमध्ये सुरू झालेलं त्यांचं माऊसट्रॅप नाटक २०२० च्या कोरोनापर्यंत अखंड चाललं, आणि २०२१ मध्ये परत उभं राहिलं. १२ जानेवारी १९७६ रोजी बाई गेल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या एका हॉस्पिटलात एक तान्ही मुलगी आणली गेली, डॉक्टरांना आजार कळेना. त्यांची पेल हॉर्स कादंबरी वाचत असलेल्या नर्सला लक्षणं ओळखीची वाटली. तिने थॅलियमच्या विषाची शंका काढली, ती खरी ठरली आणि मुलगी वाचली. औषधांच्या खोलीतली ती जुनी मेहनत कुठे जाऊन कामी आली बघा.

शेवटी आपल्या हॉस्टेलची एक गोष्ट. आमच्या मजल्यावरच्या एकाचं वाय.डी. झालं. तो कुणाशी बोलला नाही, आणि रोज शेजारून ये-जा करणाऱ्या आम्हा हुशार इंजिनिअर लोकांना काही दिसलं नाही. दिसलं ते पोळ्या वाढणाऱ्या मेसच्या मावशींना. तीन दिवस हा पोरगा ताट घेतो नि अर्धं टाकून उठतो, जरा बघा त्याच्याकडे, असं त्यांनीच आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. वर गेलो तर तो अंधारात बसला होता, बॅग भरलेली. त्या रात्री आम्ही सहाजण त्याच्या खोलीत सकाळपर्यंत बसलो. पुढचं त्याचं त्याच्यापाशी. पण त्या रात्री तो एकटा नव्हता.

मावशींनी अगाथा ख्रिस्तीचं नावही ऐकलेलं नाही. मेसमध्ये माणसं मोजताना आपण त्यांना मोजत नाही, एवढंच. लायब्ररीत मिस मार्पलचं एखादं पुस्तक दिसलं तर जरूर घ्या. फक्त पेपरच्या आदल्या रात्री उघडू नका!