शब्दांवाचून मागितलेला जाब

चित्रांतून सांगितलेली कथा म्हणजे मुलांची करमणूक, आणि तीत रक्तपात असला तर ती मुलांपासूनही दूर ठेवावी, असा समज सुशिक्षितांत दृढ आहे. अमेरिकन चित्रकार लिंड वॉर्ड यांचे कार्य पाहिले म्हणजे हा समज किती अपुरा आहे, हे ध्यानात येते.

वॉर्ड यांचा जन्म १९०५ साली शिकागो येथे झाला. वडील हॅरी वॉर्ड हे मेथडिस्ट धर्मोपदेशक, कामगारांची बाजू निर्भीडपणे मांडणारे आणि 'अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन' या संस्थेचे पहिले अध्यक्ष. १९२६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून पदवी घेऊन, विवाहानंतर वॉर्ड पत्नीसह जर्मनीतील लाइपझिगला गेले. तेथे वर्षभर लाकडी ठोकळ्यावर चित्रे कोरण्याची कला शिकत असता बेल्जियन चित्रकार फ्रान्स मासरील यांची निःशब्द चित्रकथा त्यांच्या पाहण्यात आली आणि त्यांना आपली वाट सापडली.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, त्याच आठवड्यात त्यांची 'गॉड्ज मॅन' ही पहिली चित्रकादंबरी प्रसिद्ध झाली. चित्रे १३९, शब्द एकही नाही. मंदीच्या काळातही चार वर्षांत तिच्या २०,००० हून अधिक प्रती खपल्या.

पुढील वर्षीची 'मॅडमन्स ड्रम' अधिक काळोखी आहे. गुलामांचा एक व्यापारी आफ्रिकेत एका माणसाचा खून करून त्याचा ढोल पळवितो आणि श्रीमंत होतो. मुलगा तो ढोल वाजविताना दिसताच त्याला मारून पुस्तकांकडे वळवितो. मुलगा विद्वान होतो, परंतु त्याचे अंतःकरण कोरडे पडते. आई, पत्नी व मुली यांचा एकेक करून सर्वनाश होतो आणि शेवटी वेडाच्या भरात तो तोच ढोल हाती घेतो. खुनाच्या पैशावर उभे राहिलेले घर ग्रंथसंग्रहाने शुद्ध होत नाही. शिक्षणाला प्रतिष्ठा मानणाऱ्या प्रत्येक समाजाने हा इशारा मनावर घ्यावा असा आहे.

१९३२ च्या 'वाइल्ड पिल्ग्रिमेज'चा नायक कारखाना सोडून रानात शिरतो, तेव्हा जमावाने एका कृष्णवर्णीयाला झाडाला टांगलेले त्याला दिसते. तो परत येऊन कामगारांच्या लढ्यात उतरतो. कल्पनेत तो मालकाचे मस्तक उडवितो. पण हाती आलेले मस्तक त्याचे स्वतःचेच असते. या प्रसंगांवर भाष्य करणारे एकही वाक्य नसल्याने निवाड्याची जबाबदारी वाचकावरच येऊन पडते. हिंसेचे चित्र कोणी मौजेसाठीही काढील. वॉर्ड यांच्या चित्रांनी हिंसेचा जाब विचारला, हा त्यांचा विशेष होय.

१९३७ च्या 'व्हर्टिगो'बरोबर अशा सहा पुस्तकांची मालिका संपली. पुढे वॉर्ड प्रामुख्याने मुलांच्या पुस्तकांकडे वळले. 'द बिगेस्ट बेअर' या पुस्तकासाठी त्यांना १९५३ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. अस्वलाची शिकार करण्यास बंदूक घेऊन निघालेला मुलगा त्यात पिलू घेऊन घरी येतो. ते मोठे होऊन उपद्रवी ठरल्यावरही अखेर त्याला गोळी झाडावी लागत नाही. ढोल पळविणाऱ्या व्यापाऱ्यापासून या मुलापर्यंतचा प्रवास एकाच नैतिक चिंतेचा आहे.

१९८५ साली वॉर्ड निवर्तले. नाझी अत्याचारांची कथा चित्रांतून सांगणाऱ्या आर्ट स्पीगलमन यांनी २०१० साली त्यांच्या सहाही चित्रकादंबऱ्या संपादित करून पुन्हा वाचकांपुढे आणल्या. चित्रकथेला वाङ्मयाच्या पंक्तीत बसवावे की नाही, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. परंतु पाहणाऱ्याची झोप उडविणारी आणि त्याला विचार करावयास लावणारी चित्रे पोरखेळ म्हणून बाजूला सारणे सुबुद्धपणाचे ठरणार नाही.