पंडिता रमाबाई आणि रोजचे शास्त्रवाचन



आमच्या मंडळीच्या संडे स्कूलच्या एका वार्षिक कार्यक्रमात आठ-नऊ वर्षांच्या मुलीने एक संपूर्ण स्तोत्र न अडखळता म्हणून दाखवले. टाळ्या झाल्या, बक्षीस मिळाले. कार्यक्रम संपल्यावर आम्ही तिला जवळ बोलावून त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. ती गप्प राहिली. मग तिनेच आम्हांला तो अर्थ विचारला आणि सांगताना आमचीच तारांबळ उडाली. आम्ही इंदूरचे. आमच्याकडची मुले शाळेत हिंदी बोलतात, मराठी घरात आणि मंदिरात तेवढी कानावर पडते, असे कारण आम्ही स्वतःला देऊन पाहिले. पण ते स्तोत्र आम्ही स्वतः लहानपणापासून वाचत आलो होतो! रोज पहाटे एक अध्याय वाचावा, वाचनाच्या तक्त्यावर खूण करावी आणि कामाला लागावे, असा आमचा कित्येक वर्षांचा क्रम. त्यातले आम्हांला समजते किती, हा प्रश्न त्या रात्री मनाला लागून राहिला.

अशा वेळी पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. केडगावचे मुक्ती मिशन आणि तेथील अनाथ मुली व विधवा यांच्यामुळे बाईंचे नाव आपल्या सर्व मंडळ्यांत ठाऊक आहे. परंतु बाईंच्या आयुष्याला आरंभापासून अखेरपर्यंत वाचनाचा एक धागा आहे. आज त्या धाग्याने त्यांचे चरित्र पाहू या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. तो प्रदेश आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकवली आणि लक्ष्मीबाईंनी ती रमेला शिकवली. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने घर सोडले व तीर्थयात्रेची वाट धरली. तिला वेताच्या पेटीत घालून डोंगरावरून खाली आणले होते.

पुढची कित्येक वर्षे हे कुटुंब गावोगाव हिंडले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण मोठ्याने वाचायचे, हीच त्यांची उपजीविका. लोक येत, ऐकत, फुले, फळे, वस्त्र, पैसा समोर ठेवत आणि नमस्कार करून निघून जात. वाचन संस्कृतात होई. त्याचा अर्थ देशभाषेत सांगण्याची रीत नव्हती व ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो कळत असे. ऐकले की पुण्य लाभले, अशी समजूत होती. लहानग्या रमेला हजारो श्लोक मुखोद्गत होते. न समजता ऐकणारी माणसे तिने बालपणापासून जवळून पाहिली.

मग दुष्काळ आला. जवळचे सर्व संपले. प्रथम वडील, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण अशी एकामागून एक माणसे थोड्या महिन्यांत गेली. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास दोघेच उरले. उपाशीपोटी, बहुतेक पायी, उत्तरेकडे हिंडत ती दोघे १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

त्याच कलकत्त्यात काही ख्रिस्ती लोकांनी या भावंडांना एका मेळाव्यास बोलावले. तेथे मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून प्रार्थना करू लागली, तेव्हा हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करतात असे रमेला वाटले. निघताना त्यांना संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्राची प्रत भेट मिळाली. रमेने ती उघडून पाहिली. संस्कृत तर तिची हातातली भाषा. तरीही तो मजकूर तिला परका वाटला आणि त्यात वेळ घालवणे व्यर्थ आहे असे ठरवून तिने तो बाजूला ठेवला. मात्र ती प्रत तिने टाकून दिली नाही, पुढेही जपून ठेवली. शास्त्र उघडून काहीच न कळल्यामुळे ज्यांनी ते मिटून ठेवले आहे, त्यांनी बाईंची ही पहिली भेट लक्षात ठेवावी.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला आणि त्या आसामात सिल्चरला राहावयास गेल्या. तेथे घरातल्या पुस्तकांत त्यांना एक लहानसे पुस्तक सापडले. ते कोठून आले हे त्यांना कधीच कळले नाही. ते बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान होते. बंगाली ही त्यांनी नव्याने शिकलेली, लोकांच्या रोजच्या बोलण्यातली भाषा. पंडितांच्या संस्कृतातून जे मनात उतरले नव्हते, ते या साध्या भाषेतून उतरू लागले.

विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ साली, पती पटकीने वारले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. बाई पुण्यास आल्या. तेथे एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या मराठी नवा करार शिकू लागल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे पुष्कळ चरित्रे थांबतात आणि जणू काम पुरे झाले असे वाटते. स्वतः बाईंना मात्र तसे वाटत नव्हते. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त आपल्याला लाभला नव्हता, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणाने मांडले. त्या काळातही त्यांचे वाचन चालूच होते. उपदेश ऐकला होता, मतमतांतरांचा अभ्यास झाला होता. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. पाळक झाल्यानंतर आपल्याला तारणाचा अनुभव आला, असे त्याने त्यात सांगितले होते. ते वाचून बाई अंतर्मुख झाल्या, पुन्हा शास्त्राकडे वळल्या आणि विद्वत्ता बाजूस ठेवून पापी माणूस म्हणून प्रभूच्या पायाशी आल्या. बाप्तिस्मा झालेल्या, मंडळीत वाढलेल्या आपणां सर्वांसाठी बाईंच्या आयुष्यातला हा भाग फार महत्त्वाचा आहे.

यानंतर लवकरच परीक्षा आली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले होते व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले होते. तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, अशी अट होती. बाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत, पण खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. गावात ओरड झाली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी १८९३ साली राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांचे दुःख खरे होते, हे आम्ही नाकारीत नाही. बाईंची भूमिका एवढीच होती की, कोणावर सक्ती नाही, परंतु आपल्याच घरात आपली भक्ती आपण लपवून करणार नाही. त्यासाठी उभे केलेले काम मोडण्याची वेळ आली, तरी दार उघडेच राहिले.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा बाईंना आपले बालपण आठवले. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तेथील संख्या २००० च्या जवळपास गेली. कोणी हिंदी बोलणाऱ्या, कोणी गुजराती, कोणी मराठी. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

या स्त्रियांच्या हाती कोणते शास्त्र द्यावे? त्या वेळच्या मराठी भाषांतरात संस्कृत शब्द पुष्कळ होते. संस्कृत पंडिता असलेल्या बाईंना त्यांची अडचण नव्हती. अडचण होती ती खेड्यातून आलेल्या बाईची. म्हणून उतारवयाकडे झुकलेल्या रमाबाई इब्री व ग्रीक भाषा शिकल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. या कामाला त्यांनी सुमारे १८ वर्षे दिली. कानांनी ऐकू येणे कमी झाले होते, आश्रमाचा व्याप मोठा होता, तरी काम चालू राहिले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे तेथील स्त्रियाच करीत.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आईनंतर जिने सर्व सांभाळायचे, तीच आधी गेली. बाईंनी तो घाव सोसला आणि पुन्हा मुद्रिते तपासावयास घेतली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ छापून झाला तो १९२४ साली.

हे भाषांतर आपल्या मंडळ्यांत रूढ झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. मूळ भाषेला फार धरून राहिल्याने त्यातली मराठी काही ठिकाणी खडबडीत झाली आहे आणि मंडळ्या बायबल सोसायटीचेच शास्त्र वाचत राहिल्या. परंतु त्यामागची तळमळ आपण घ्यावी. न समजता ऐकणाऱ्या लोकांपुढे जिने बालपणी पुराणे वाचली, तिने शेवटची १८ वर्षे एकाही गरीब बाईला शास्त्र न समजता वाचावे लागू नये, म्हणून खर्च केली.

आणि आपण? समजेल अशा भाषेतले शास्त्र आज घरोघर आहे. तरीही अध्याय संपवला की आपल्या खाती काही जमा झाले, असे आपणांसही वाटत नाही काय? त्या घाटावरील श्रोत्यांना नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमच्या तक्त्यावरील खुणा त्याच प्रकारच्या होत्या.

म्हणून आम्ही घरी एक लहान बदल केला आहे. पूर्वी एक अध्याय वाचत होतो, आता काही दिवशी दहाच ओव्या होतात. न कळलेला शब्द मुलांनी विचारायचा. उत्तर येत नसेल तर तसे कबूल करायचे, पाळकसाहेबांना विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे. मुले मध्येच हिंदीत बोलली तरी थांबवायचे नाही. संडे स्कूलमध्येही पाठांतराच्या बक्षिसाबरोबर अर्थ आपल्या शब्दांत सांगणाऱ्या मुलालाही बक्षीस ठेवले आहे. त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी त्या शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हा तिने लगेच दुसरा शब्द विचारला.

शिक्षक बंधुभगिनींनो, अशा प्रश्नांचा कंटाळा करू नका. रमाबाईंप्रमाणे आपल्या घरातील वाचनाचे दार उघडे ठेवा. प्रभू आपणां सर्वांस आपले वचन समजण्याची बुद्धी व त्याप्रमाणे चालण्याचे सामर्थ्य देवो.