डेल्फ्टचा कापडवाला आणि एक लाजिरवाणं पत्र

बारावीच्या बायोलॉजी प्रॅक्टिकलला टेबलावर एक स्लाइड असते, टी. एस. टेस्टिस. तुम्ही सायन्सला असाल तर ती पाहिली असेल. पाहिली म्हणजे काय, ओळखली, जर्नलमध्ये चार गोल काढले, मागून खुसखुस ऐकू आली आणि तुम्ही पटकन पुढच्या स्लाइडकडे सरकलात. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना हा धडा शाळेतच कुणीतरी घरी वाचून या सांगून सोडून दिलेला. त्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडची गोष्ट जिथून सुरू होते, तिथे साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक माणूस उभा आहे. त्यालाही तुमच्याइतकीच लाज वाटत होती. तरी त्याने लाजत लाजत का होईना, पत्र लिहिलं.

अँटनी व्हॅन ल्यूवेनहूक. जिवाणूंच्या धड्यात हे नाव तुम्ही एका मार्कासाठी पाठ केलंय. हॉलंडमधल्या डेल्फ्ट या गावी १६३२ साली त्याचा जन्म झाला. वडील टोपल्या विणायचे, तो लहान असतानाच ते गेले. सोळाव्या वर्षी पोरगा ॲमस्टरडॅमला एका कापडाच्या दुकानात कामाला लागला आणि पुढे गावी परत येऊन त्याने स्वतःचं दुकान टाकलं. युनिव्हर्सिटीचं तोंड पाहिलं नाही. त्या काळात विज्ञानाची भाषा लॅटिन, आणि याला डचशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. पहिली बायको बार्बरा १६६६ मध्ये वारली. पाच मुलं झाली, त्यातली एकटी मारिया जगली. पोटापाण्यासाठी तो नगरपालिकेत अधिकाऱ्यांच्या दालनाची देखभाल करायचा, पुढे जमीन मोजणीचं आणि दारूच्या पिंपांची मापं तपासायचंही काम त्याने केलं.

आणि उरलेल्या वेळात भिंगं घासायचा.

त्याचा मायक्रोस्कोप तुमच्या लॅबमधल्यासारखा नव्हता, हे आधी डोक्यात घ्या. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये डाळीच्या दाण्याएवढं एकच भिंग, आणि मागे वस्तू टोचायला एक सुई. सगळं मिळून तळहातात मावेल एवढं. ते डोळ्याला अगदी चिकटवून उजेडाकडे बघायचं. तासन्‌तास. अशी पाचशेहून जास्त भिंगं त्याने बनवली आणि सगळ्यात चांगली कशी करतो, ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ही त्याची खोड मला अजिबात आवडत नाही, पण होता तो असाच.

याच डेल्फ्टमध्ये एक तरुण डॉक्टर राहायचा, रेग्निएर डी ग्राफ. ग्राफियन फॉलिकल आठवतंय? तोच हा. १६६८ मध्ये, वयाच्या सत्ताविशीत, त्याने पुरुषाच्या जननेंद्रियांवर पुस्तक लिहिलं. वृषण म्हणजे नुसता मांसाचा गोळा, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत. डी ग्राफने दाखवलं की तो गोळा नाही, बारीक नळ्यांचा गुंता आहे. डॉरमाउस नावाच्या खारीसारख्या प्राण्याचं वृषण पाण्यात हलवलं की लोकरीच्या गुंड्यासारखं उलगडतं, हे त्याने पाहिलं होतं. माणसातल्या एका वृषणातल्या नळ्या सरळ करून जोडल्या तर शेकडो मीटर भरतात. तुमच्या स्लाइडवर जे गोल दिसतात ते याच नळ्यांचे आडवे काप. पण त्या नळ्यांत काय तयार होतं, ते डी ग्राफला दिसलं नाही. १६७३ च्या वसंतात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की आमच्या गावातल्या एका माणसाचे मायक्रोस्कोप पाहण्यासारखे आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. वय ३२.

त्या एका शिफारशीवर कापडवाल्याची लंडनशी पत्रं सुरू झाली आणि पुढची ५० वर्षं थांबली नाहीत.

आता १६७७ मध्ये या. योहान हाम नावाचा मेडिकलचा विद्यार्थी ल्यूवेनहूककडे एक काचेची बाटली घेऊन आला. आत गुप्तरोग झालेल्या एका पुरुषाचं वीर्य होतं. हामला त्यात शेपटीवाले जिवंत जीव वळवळताना दिसले होते आणि ते रोगामुळे, सडण्यातून झाले असावेत असं त्याला वाटत होतं. खरं तर काही वर्षांपूर्वी रॉयल सोसायटीच्या सचिवाने ल्यूवेनहूकला वीर्य तपासायला सुचवलं होतं. त्याने थोडं पाहिलंही, आणि मग हे काही बरं दिसत नाही म्हणून सोडून दिलं. हामच्या बाटलीने त्याला परत तिथेच आणून उभं केलं. हे जीव रोगाचे की प्रत्येक पुरुषातले, हे ठरवायला निरोगी माणसाचा नमुना हवा. मागणार कुणाकडे?

त्याने स्वतःचाच घेतला. पत्रात त्याने आवर्जून खुलासा केलाय की यासाठी आपण कोणतंही पाप केलेलं नाही, नवरा-बायकोच्या संबंधांनंतर जे शिल्लक राहिलं तेच तपासलं. तेही नाडीचे सहा ठोके पडायच्या आत! विचार करा, बिचारी कॉर्नेलिया, म्हणजे त्याची दुसरी बायको.

भिंगाखाली गर्दी होती. गोलसर डोकं, मागे पारदर्शक लांब शेपटी, आणि पाण्यात सापाने किंवा ईल माशाने पोहावं तशी शेपटी हलवत चाललेले. एका मोठ्या वाळूच्या कणाएवढं व्हायला असे दहा लाखही पुरणार नाहीत, असा त्याने अंदाज केला.

नोव्हेंबर १६७७ मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना लॅटिनमध्ये भाषांतर करून कळवलं. सोबत विनंती केली की विद्वानांना हे किळसवाणं किंवा अशोभनीय वाटलं तर पत्र खासगी ठेवा, छापू नका. म्हणजे बघा, समोरच्या एखाद्या भिडस्त माणसाने ते पत्र फायरप्लेसमध्ये टाकलं असतं तरी याची तक्रार नव्हती. तसं झालं नाही. लंडनहून उलट चौकशी आली, कुत्र्या-घोड्यांतही असतं का ते पाहा. पत्र छापलं गेलं.

आणि आता हा गडी सुटला. कुत्रे, ससे, मासे, जो नर सापडेल तो. वीर्य बाहेर पडल्यावरच नाही, तर शुक्रवाहिनीत आणि खुद्द वृषणातही त्याला शुक्राणू सापडले. मग वृषणाचं काम हेच, शुक्राणू बनवणं आणि साठवणं, हा निष्कर्ष त्याने काढला. डी ग्राफच्या नळ्यांना काम मिळालं ते असं. एका नर कॉड माशात किती शुक्राणू असतील याचा हिशोब करताना त्याला आकडा मिळाला १५० अब्ज. तुलना करायला म्हणून त्याने पृथ्वीवर माणसं किती मावतील तेही मोजलं. सगळी जमीन हॉलंडइतकी दाट वसली तर १३ अब्जांच्या थोडी वर! पिंपं मोजणाऱ्या माणसाचा छंद म्हणायचा.

पण त्याला हिरो करून टाकू नका, कारण इथून पुढे तो चुकतो. पहिल्याच पत्रात वीर्याच्या घट्ट भागात रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं असं त्याने लिहिलं होतं. तसं काही नसतं. मोठी चूक वेगळीच. त्याचं ठाम मत झालं की अख्खा भावी जीव शुक्राणूतच असतो आणि आईचं गर्भाशय म्हणजे फक्त जमीन. 'बीज पुरुषाचं, शेत बाईचं' हे आपल्याकडेही किती घरांत अजून ऐकू येतं, नाही का? डी ग्राफने १६७२ च्या दुसऱ्या पुस्तकात स्त्रीच्या अंडाशयात अंडं असतं असं मांडलं होतं. ज्याने आपली ओळख जगाला करून दिली त्या गाववाल्याचं हे म्हणणं ल्यूवेनहूक आयुष्यभर खोडत राहिला. उत्तर द्यायला डी ग्राफ नव्हता. शुक्राणूच्या डोक्यात उकिडवा बसलेला इवलासा माणूस तुम्ही चित्रात पाहिला असेल. ते चित्र मात्र ल्यूवेनहूकचं नाही, हार्टसूकरचं, १६९४ सालचं. असा माणूस प्रत्यक्ष दिसला म्हणणाऱ्याची तर ल्यूवेनहूकने खिल्लीच उडवली. स्वतःला न दिसलेलं दिसलं म्हणायचं नाही, हे पथ्य त्याने पाळलं.

सस्तन प्राण्याचं अंडं खरोखर दिसलं ते १८२७ मध्ये, कार्ल फॉन बेअरला. गंमत म्हणजे शुक्राणूंना स्पर्मॅटोझोआ हे नावही त्याच वर्षी त्यानेच दिलं, आणि तो त्यांना वीर्यातले परजीवी समजत होता. नळ्यांच्या मधल्या जागेतल्या पेशी १८५० मध्ये लायडिगने दाखवल्या. टेस्टोस्टेरॉन तिथे तयार होतं. नळीच्या आत, वाढणाऱ्या शुक्राणूंना धरून ठेवणाऱ्या उंच पेशी १८६५ मध्ये एन्रिको सर्टोलीला दिसल्या. तेव्हा तो २३ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्यातल्या एखाद्या एम.एस्सी.वाल्याएवढा. स्लाइडवर एका गोलाच्या कडेकडून मधे बघत गेलात तर पेशी बदलत जातात आणि अगदी मध्ये बारीक शेपट्या दिसतात. कडेपासून तिथवर पोचायला सुमारे ७४ दिवस लागतात. आणि शुक्राणू अंड्यात शिरून दोघांची केंद्रकं एक होतात, निम्मं याचं निम्मं तिचं, हे समुद्री अर्चिनमध्ये ऑस्कर हर्टविगने पाहिलं १८७६ मध्ये. डेल्फ्टचे दोघेही गाववाले अर्धे अर्धे बरोबर होते.

ल्यूवेनहूक २६ ऑगस्ट १७२३ रोजी वारला, नव्वदीत. अंथरुणावरून त्याने एका मित्राला शेवटची दोन पत्रं लॅटिनमध्ये करून लंडनला पाठवायला सांगितली होती. त्याच्या इच्छेप्रमाणे मारियाने चांदीचे २६ मायक्रोस्कोप रॉयल सोसायटीला धाडले. सोसायटीने पुढच्या शतकात ते सगळेच्या सगळे हरवले. आज जगात त्याचे जेमतेम डझनभर उरलेत. त्यातला युट्रेक्टच्या म्युझियममधला एक अजूनही वस्तू २७० पटींच्या आसपास मोठी करून दाखवतो. शुक्राणूची शेपटी दिसायला तेवढं पुरतं.